पेशीची ओळख आणि केराटिनचा कुलवृत्तान्त



शिंगाची फणी घेऊन कोणी केस विंचरत असेल, तर त्या साध्या कृतीत एकच द्रव्य तीन ठिकाणी हजर असते. फणी त्याची, केस त्याचे आणि फणी धरणाऱ्या बोटांची नखेही त्याचीच. या द्रव्याला केराटिन म्हणतात. ग्रीक भाषेत शिंगाला ‘केरास’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. भाषाशास्त्र सांगते, की ‘केरास’ आणि संस्कृतातले ‘शृंग’ हे शब्द एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. म्हणजे नाव परके वाटले, तरी ते आपल्या ‘शिंगा’चे चुलत नात्यातलेच आहे.

साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय घेण्याचे कारण सांगितले पाहिजे. विसाव्या शतकात जीवशास्त्रापुढे एक प्रश्न उभा राहिला. मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे वाढवलेली पेशी मूळची कुठली, हे कशावरून ओळखायचे? तिने आपले रूप बदलले, शेजार बदलला, तरी तिच्यात असे काय उरते, ज्यावरून तिचे कूळ कळावे? पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून दूर नांदलेल्या आपल्यासारख्या घरांना हा प्रश्न अगदी अनोळखी वाटू नये. त्याचे उत्तर शोधताना केराटिन कसे उपयोगी पडले, त्याचा हा इतिहास आहे.

शरीरात असताना पेशीला ओळखणे अवघड नसते. ती कातडीत आहे की यकृतात, तिच्या शेजारी कोण आहे, यावरून तिची जात कळते. आपल्या शरीराला बाहेरून आणि तोंड, अन्ननलिका, आतडी, मूत्राशय यांसारख्या अवयवांना आतून पेशींचे अस्तर असते. त्याला एपिथेलियम म्हणतात. आपण त्यातल्या पेशींना सोयीसाठी अस्तरपेशी म्हणू. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून, फरसबंदीसारख्या बसलेल्या असतात. पण त्याच पेशी सुट्या करून काचेच्या बशीत, पोषक द्रवात वाढवल्या, की त्या पसरतात, चपट्या होतात, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला त्यांच्या आकारावरून खात्रीने काही सांगता येत नाही.

शरीराबाहेर ऊतक जिवंत ठेवून वाढवण्याचा पाया १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या मज्जातंतूंवरील प्रयोगाने घातला. माणसाच्या पेशी मात्र दीर्घकाळ वाढवता येत नव्हत्या. थोडे दिवस जगून त्या मरून जात. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ही कोंडी फुटली. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी थांबेनात. त्या दुप्पट, चौपट होत राहिल्या. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘हेला’ हे नाव मिळाले. ती स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली. पेशी घेताना तिची संमती विचारली गेली नव्हती. पुढे बरीच वर्षे लोकांना तिचे नाव ‘हेलन लेन’ असे चुकीचे सांगितले जात होते, आणि घरच्यांना या पेशींविषयी कळायला १९७० चे दशक उजाडले. ज्या पेशींपासून ओळखीचा सारा घोळ सुरू झाला, त्यांच्या मालकिणीचीच ओळख हरवली होती.

या प्रयोगशाळेशी आपल्या भाषेचे एक खरे नाते आहे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झाल्यावर फेलोशिप घेऊन गे यांच्याकडे ऊतकसंवर्धनाचे तंत्र शिकायला गेल्या. परतल्यावर त्यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ही भारतातली अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते. मुंबईतल्या या कामाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

हेलाच्या यशानंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी मानवी पेशींचे नवे नवे वंश तयार केल्याचे जाहीर केले. कोणी यकृताच्या पेशी वाढवल्या, कोणी आतड्याच्या, कोणी घशाच्या. १९६६ साली अमेरिकेतल्या पेशीसंवर्धकांच्या एका परिषदेत स्टॅन्ली गार्टलर या जनुकशास्त्रज्ञाने अठरा पेशीवंशांची तपासणी मांडली. त्यांनी जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमचा प्रकार पाहिला होता. त्याचा ‘ए’ प्रकार जवळजवळ फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. अठराही वंशांत तोच प्रकार निघाला. त्यांतले काही वंश गोऱ्या रुग्णांच्या पेशींपासून केल्याचे सांगितले जात होते. याचा अर्थ उघड होता. हेला पेशी हातमोज्यावरून, नळीवरून, सामायिक द्रवाच्या बाटलीतून दुसऱ्या बशीत शिरल्या होत्या. त्या वेगाने वाढणाऱ्या असल्याने मूळ पेशींना त्यांनी हुसकावून लावले, आणि बशीवरची चिठ्ठी मात्र तशीच राहिली. ज्यांनी वर्षानुवर्षे ‘यकृताच्या पेशीं’वर प्रयोग केले, त्यांनी प्रत्यक्षात गर्भाशयमुखाच्या पेशींवर केले होते. पुढे १९७४ पासून कॅलिफोर्नियातील वॉल्टर नेल्सन-रीस यांनी गुणसूत्रांवरील पट्ट्यांच्या साहाय्याने आणखी कित्येक वंश हेलाचेच असल्याचे दाखवले आणि त्यांच्या याद्या छापल्या. आपले काम वाया गेले हे ऐकणे कोणालाच गोड लागत नाही. त्यांना बराच रोष पत्करावा लागला.

इथे ओळखीचे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. पहिला, ही पेशी कोणाची, कोणत्या व्यक्तीची? एन्झाइमचा प्रकार, गुणसूत्रे आणि आज डीएनएचा ठसा याचे उत्तर देतात. दुसरा, ही पेशी कशाची, कोणत्या ऊतकाची? व्यक्तीच्या शरीरातल्या सर्व पेशींत डीएनए जवळजवळ एकच असतो, त्यामुळे नुसत्या ठशावरून हे कळत नाही. त्यासाठी पेशी प्रत्यक्षात काय बनवते ते पाहावे लागते. केराटिनचा प्रवेश इथे होतो.

त्याआधी केराटिन हा मुख्यतः लोकर आणि केस अभ्यासणाऱ्यांचा विषय होता. १९३० च्या दशकात इंग्लंडमधील लीड्स येथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी लोकरीच्या तंतूंतून क्ष-किरण पाठवले. साधा तंतू आणि ताणलेला तंतू यांची चित्रे वेगवेगळी येतात, हे त्यांनी दाखवले. त्या चित्रांचा उलगडा करण्याच्या प्रयत्नांतून १९५१ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी प्रथिनसाखळीचे मळसूत्री रूप सुचवले. पाठोपाठ फ्रान्सिस क्रिक यांनी अशी मळसूत्रे एकमेकांभोवती दोरासारखी पिळली जात असतील, अशी कल्पना मांडली. पण हे सारे मृत द्रव्याविषयी होते. जिवंत अस्तरपेशीच्या आतही बारीक तंतूंचे जाळे असते, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते. त्यांची जाडी सुमारे १० नॅनोमीटर, स्नायूतल्या पातळ तंतूंपेक्षा जास्त आणि जाड तंतूंपेक्षा कमी. म्हणून त्यांना मध्यम तंतू म्हणू लागले. ते नेमके कशाचे असतात, हे सांगायला भरपूर आणि शुद्ध अस्तरपेशी हव्या होत्या.

अडचण तिथेच होती. माणसाच्या कातडीचा तुकडा बशीत ठेवला, की संयोजी ऊतकातल्या फायब्रोब्लास्ट पेशी भराभर वाढत आणि अस्तरपेशी मागे पडत. १९७५ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड यांनी यावर तोड काढली. ग्रीन यांनी पूर्वी जॉर्ज टोडारो यांच्याबरोबर ‘थ्री-टी-थ्री’ नावाचा उंदराच्या पेशींचा वंश तयार केला होता. एका अर्बुदावर काम करताना त्यांना दिसले, की या उंदराच्या पेशी सोबत असल्या तर अस्तरपेशी चांगल्या वाढतात. मग त्यांनी थ्री-टी-थ्री पेशींना किरणांचा असा मारा दिला, की त्या विभाजित होऊ शकणार नाहीत, पण काही काळ जिवंत राहतील. त्यांच्या आधाराने माणसाच्या त्वचेची एकेक पेशी वाढून वसाहत करू लागली. दाईने दुसऱ्याचे मूल वाढवावे, तसा हा प्रकार होता.

आता भरपूर पेशी हाताशी आल्या. त्यांच्यात केराटिन आहे, हे सिद्ध करण्याचे काम ग्रीन यांच्याच प्रयोगशाळेत तुंग-तिएन सुन यांनी केले. त्यांचे लेख १९७८ साली प्रसिद्ध झाले. कामाची रीत समजायला कठीण नाही. पेशी फोडून साध्या क्षारद्रवात धुतल्या, की बहुतेक प्रथिने विरघळून निघून जातात. केराटिन विरघळत नाही, ते मागे राहते. नावाप्रमाणेच ते शिंगासारखे हट्टी. मग तीव्र युरियाने किंवा कपडे धुण्याच्या चूर्णाच्या जातीतल्या एका प्रखर डिटर्जंटने ते विरघळवायचे. त्यातही एक बारकावा सापडला. जिवंत पेशीतले केराटिन डिटर्जंटने सुटते, पण पक्व होऊन मृत झालेल्या बाहेरच्या पेशीत प्रथिनसाखळ्यांमध्ये गंधकाचे दुवे पडलेले असतात. ते रसायनाने तोडल्याखेरीज केराटिन सुटत नाही. बशीतल्या पेशींच्या एकूण प्रथिनांत केराटिनचा हिस्सा जवळजवळ तिसरा निघाला. विरघळलेल्या केराटिनमधून युरिया हळूहळू काढून टाकला, तर तंतू पुन्हा आपोआप बांधले जातात. म्हणून हेच त्या तंतूंचे द्रव्य, यात शंका उरली नाही.

दुसरा पुरावा रंगाचा. माणसाच्या त्वचेच्या मृत बाहेरच्या थरातून शुद्ध केलेले केराटिन सशांना टोचले, की त्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यांना चमकणारा रंग जोडण्याची सोय करून ती बशीतल्या पेशींवर सोडली. अस्तरपेशी असेल तर अंधारात तिच्या आतले सबंध जाळे हिरवे उजळून निघते, केंद्रकाभोवतीपासून कडेपर्यंत. फायब्रोब्लास्ट मात्र काळीच राहते. ज्या दोन पेशींत डोळ्यांनी फरक करणे अवघड, त्यांचा निवाडा असा एका चाचणीत होऊ लागला. पुढच्याच वर्षी या गटाने आतड्यासारख्या आतल्या अवयवांच्या अस्तरपेशींतही असेच जाळे असल्याचे दाखवले. म्हणजे केराटिन ही केवळ कातडीची खूण नव्हती, सगळ्या अस्तरांची होती. त्याच सुमारास जर्मनीत वेर्नर फ्रांके, मेरी ऑस्बोर्न आणि क्लाउस वेबर हेही प्रतिपिंडे वापरून मध्यम तंतूंचे वेगवेगळे कूळ वेगळे काढत होते. फायब्रोब्लास्टच्या तंतूंचे प्रथिन वेगळे निघाले. त्याला व्हायमेंटिन नाव मिळाले.

पण केराटिन हे एक प्रथिन नव्हे, ते कुटुंब आहे. हे कळले ते प्रथिने वेगळी करण्याच्या नव्या रीतींमुळे. १९७० साली केंब्रिजमध्ये उलरिख लेम्ली यांनी, डिटर्जंटने माखलेली प्रथिने विजेच्या साहाय्याने जेलीसारख्या पातळ पापुद्र्यातून ओढून वजनाप्रमाणे वेगळी करण्याची रीत घालून दिली. हलके प्रथिन पुढे पळते, जड मागे राहते. १९७५ साली पॅट्रिक ओ’फॅरेल यांनी त्याला दुसरी दिशा जोडली. आधी विद्युत्भाराप्रमाणे आडवे वेगळे करायचे, मग वजनाप्रमाणे उभे. नकाशावर अक्षांश-रेखांशांवरून गाव सापडावे, तसे प्रत्येक प्रथिन आपल्या ठिपक्यावर सापडू लागले.

हे नकाशे एकत्र करून १९८२ साली हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रातील रोलंड मोल, फ्रांके आणि सहकाऱ्यांनी मानवी केराटिनांची सूची प्रसिद्ध केली. निरोगी अस्तरे, गाठी आणि बशीत वाढवलेल्या पेशी अशा तिन्ही ठिकाणचे ठिपके त्यांनी तपासले होते. एकूण १९ केराटिने, त्यांना १ ते १९ क्रमांक. १ ते ८ आम्लारिधर्मी किंवा उदासीन, ९ ते १९ आम्लधर्मी. वजनात पहिले सर्वांत जड, एकोणिसावे सर्वांत हलके. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तान्त छापले जातात, तशी ही सूची होती. पुढे कुटुंब वाढत गेले. २००६ साली नामावली नव्याने ठरवली तेव्हा माणसात केराटिनची ५४ कार्यक्षम जनुके मोजली गेली. ती मुख्यतः बाराव्या आणि सतराव्या गुणसूत्रावर वस्ती करून आहेत.

या कुटुंबाची एक रीत ध्यानात राहण्यासारखी आहे. केराटिन एकटे तंतू बांधत नाही. एक आम्लधर्मी आणि एक आम्लारिधर्मी अशी जोडी जमावी लागते. यकृत, आतडी यांच्या एकेरी अस्तरात ८ आणि १८ ची जोडी, कातडीच्या तळच्या थरात ५ आणि १४ ची, पेशी वरच्या थरात चढली की १ आणि १० ची. त्यामुळे पेशीत कोणती जोडी आहे यावरून तिचे घर आणि वयही कळते.

इथवर असे वाटेल, की कुळाची खूण कायमची कोरलेली असते. तसे नाही, आणि या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. बशीत वाढवलेल्या त्वचापेशींत १ आणि १० ही जोडी फारशी दिसत नाही. उलट, जखम भरून येताना दिसणारी ६ आणि १६ ही जोडी दिसते. एलेन फुक्स आणि ग्रीन यांनी १९८१ साली दाखवले, की पोषक द्रवातल्या ‘अ’ जीवनसत्त्वाचे प्रमाण बदलले तर पेशी बनवत असलेली केराटिने बदलतात. शिवाय फ्रांके यांच्या गटाला असेही आढळले, की शरीरात व्हायमेंटिन नसलेल्या कित्येक अस्तरपेशी बशीत आल्यावर ते बनवू लागतात. खुद्द हेला पेशींत केराटिन आणि व्हायमेंटिन अशी दोन जाळी एकाच वेळी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. अस्तरपेशी नव्या जागी शेजाऱ्याचे प्रथिन उचलते, आपल्या कुटुंबातली काही केराटिने मागे ठेवते, काही पुढे काढते, पण सहसा केराटिन सोडून देत नाही. ओळखणाऱ्याने म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. कूळ आणि माती या दोन्हींची साक्ष घ्यावी.

या ज्ञानाचा उपयोग लवकरच रुग्णांपर्यंत पोहोचला. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे अखंड मिळवण्याची युक्ती शोधली होती. तिच्या आधारे सुन यांच्या प्रयोगशाळेने केराटिन ओळखणारी ‘एई१’ आणि ‘एई३’ ही प्रतिपिंडे तयार केली. आज विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्यांचे मिश्रण नेहमीच्या वापरात आहे. गाठीतल्या पेशी इतक्या बिघडलेल्या असतात, की ती अस्तराची गाठ आहे की लसिकापेशींची, हे कधी कधी दिसत नाही. उपचार मात्र दोन्हींचे पूर्ण वेगळे. अशा वेळी केराटिनचा रंग उजळला की नाही, यावर रुग्णाचा पुढचा रस्ता ठरू शकतो. १९९१ साली, हलक्याशा घर्षणानेही अंगावर फोड येणाऱ्या एका आनुवंशिक रोगाचे मूळ १४ व्या केराटिनच्या दोषात सापडले आणि लगोलग ५ व्या केराटिनच्याही. जोडीतला कोणताही एक बिघडला, की तळच्या पेशींचा सांगाडाच ढासळतो. हे तंतू नुसती खूण नसून पेशीचा कणा आहेत, हे तेव्हा पक्के झाले.

ग्रीन यांच्या बशीतून आणखी एक गोष्ट निघाली. १९८३ साली शरीराच्या ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेल्या दोन लहान मुलांना बॉस्टनमध्ये त्यांच्याच उरलेल्या कातडीच्या छोट्या तुकड्यांपासून वाढवलेले पापुद्रे लावण्यात आले. ती वाचली. त्या नव्या कातडीला घामाच्या ग्रंथी नव्हत्या, केस नव्हते, पण ती त्यांची स्वतःची होती.

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग फार. त्यामुळे परळच्या त्या केंद्राच्या पुढच्या रूपात, कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, गालाच्या आतल्या अस्तरातील केराटिनांचा अभ्यास १९८० च्या दशकातच सुरू झाला. नंतर खारघरला हलल्यावर मिलिंद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे नेला. गालाच्या निरोगी, अनेक थरांच्या अस्तरात ८ आणि १८ या जोडीला सहसा स्थान नसते. कर्करोगाच्या पेशींत ती दिसू लागते. तोंडाच्या कर्करोगातून बशीत वाढवलेल्या पेशींतून हे केराटिन काढून घेतले, तर त्यांचा घुसखोरपणा कमी होतो, असे या गटाला आढळले. बाल्टिमोरहून आणलेले तंत्र आणि हायडेलबर्गची सूची यांचा असा आपल्या घरच्या दुखण्याशी मेळ बसला.

शेवटी केराटिनची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘केबी’ नावाचा पेशीवंश कित्येक दशके तोंडाच्या कर्करोगाचा म्हणून वापरला गेला. तोही हेलाच निघाला. केराटिनने तो पकडला नसता, कारण हेलाही अस्तरपेशीच. केराटिन कूळ सांगते, माणसाचे नाव सांगत नाही. डीएनएचा ठसा नाव सांगतो, कूळ सांगत नाही. म्हणून आज जाणती प्रयोगशाळा दोन्ही पाहते, आणि बशीवरच्या चिठ्ठीवर विसंबत नाही.

श्रोतेहो, आपल्या घराण्यांच्या कुलवृत्तान्तांत मूळ गाव, कुलदैवत, आडनाव हे सारे नोंदलेले असते. दोनशे वर्षांत बोलीत शिरलेले शेजारचे शब्द, ताटातले पदार्थ, लग्नातल्या बदललेल्या रीती यांची नोंद क्वचितच असते. जीवशास्त्रज्ञांनी मोठी किंमत मोजून जे शिकले, ते आपल्यालाही उपयोगी पडेल. नुसत्या मूळ गावावरून माणूस ओळखता येत नाही, नुसत्या आजच्या वस्तीवरूनही नाही. आणि चिठ्ठी लिहिताना नाव चुकले, तर ती चूक पिढ्यान्‌पिढ्या चालते. हेन्रिएटा लॅक्स हे नाव आज जगाला नीट माहीत आहे. त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.